सहा मिनिटांची चाल

देवरामला मोजता येत नाही असं म्हणणारा माणूस धूलकोटच्या आसपास अजून जन्माला यायचा होता. ट्रकमध्ये केळीचे घड चढू लागले की तो फळीजवळ कमरेवर हात ठेवून उभा राही आणि हमालांच्या खांद्यावरून जाणारा एकेक घड खणखणीत आवाजात मोजी. पहिल्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे, जसं त्याचा बाप म्हणायचा, आणि मग दोन, तीन, चार. मोजताना कुणी रामराम घातला तरी त्याची मान हलत नसे. आपल्या मोजण्यात आजवर एका घडाचाही फरक पडलेला नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगे, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं.

त्यामुळे धाकटा भाऊ चुडामण जेव्हा म्हणाला, "भाऊ, मालूले दवाखान्यात आता तूच नेत जा, माही पाळी बदलली," तेव्हा देवरामने ती जबाबदारी नुसती घेतली नाही, शिरावर घेतली. चुडामण नेपानगरला कागदाच्या कारखान्यात कामाला. आधी त्याला गुरुवारी सुट्टी असे, आता रविवारी मिळू लागली होती. आणि त्याच्या बायकोच्या, मालूबाईच्या आजाराचे पेशंट तासाभरावरच्या शहरातला, लालबाग भागातला दवाखाना गुरुवारीच बघत असे. "आनं भाऊ, ते चालायचं जे असते ना, ते नीट मोजतात का ते पाह्यजो," चुडामण जाता जाता म्हणाला. तो सहज म्हणाला होता. पण देवरामला मोजण्याबद्दल काही सहज सांगायचं नसतं, हे सख्ख्या भावाला तरी कळायला हवं होतं.

मालूबाईचा आजार तीन वर्षांपूर्वीचा. एक पाय सुजला, घरच्यांनी हळद लावली, आणि चार दिवसांनी बाई अंगणातच मट्‌कन खाली बसल्या. पायातल्या रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन अडकल्या होत्या. काही विरघळल्या, काही तिथेच चिकटून बसल्या, आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला तो वाढलाच. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टर, वैजयंती मॅडम, यांनी देवरामच्या पहिल्या भेटीत हे सगळं इंग्रजी नावांनिशी समजावलं. देवरामने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे ठिबकच्या नळ्या चोंदल्या आनं मोटरवर लोड आला." "अगदी तेच," मॅडम म्हणाल्या. "मोटर म्हणजे हृदय. मोटर जळू द्यायची नाही, एवढंच आपलं काम." तेव्हापासून देवरामला त्या आजारातलं सगळं कळतं असं देवरामला वाटत होतं.

मोटर कितपत चालते हे बघायला दर तीन महिन्यांनी ती चाचणी असायची. चाचणी कसली, नुसतं चालणं. पांढऱ्या फरशीचा लांब पॅसेज, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, मध्ये तीस मीटर अंतर. दोन्ही टोकांना रस्त्याच्या कामावर असतात तसले नारंगी शंकू. सहा मिनिटं या शंकूपासून त्या शंकूपर्यंत जमेल तेवढं भरभर चालायचं. पळायचं नाही, बोलायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकायचं, पण घड्याळ थांबत नाही. सहा मिनिटांत किती मीटर चालणं झालं, तो आकडा. बाकी मशिनी फुप्फुसाचं आणि हृदयाचं सांगतात, पण माणूस घरात आणि शेतात किती उपयोगाचा उरलाय ते हा आकडा सांगतो, असं मॅडम म्हणायच्या.

चुडामण न्यायचा तेव्हा मालूबाईंचा आकडा होता तीनशे नव्वद. देवराम न्यायला लागला आणि पहिल्याच खेपेला तो तीनशे बावन्नवर आला. तेव्हा देवराम दारापाशी बाकड्यावर बसून होता. आपलं लक्ष नीट नव्हतं असं त्याला वाटलं. म्हणून दुसऱ्या खेपेला त्याने खिडकीजवळ खुर्ची टाकून घेतली, थेट शंकूच्या शेजारी. आकडा आला तीनशे वीस. "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं," असं चाचणी घेणारी अश्विनी म्हणाली होती, पण देवरामने तिला समजावलं होतं की तो काही कुणाच्या मधे येत नाही, नुसता बसतो. अश्विनी पंचविशीतली, नुकती नोकरीला लागलेली. साठीच्या मिशाळ माणसापुढे तिचं काही चाललं नाही. मॅडमनी मात्र त्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं: पुढच्या वेळी तीनशेच्या खाली आलं, तर इंदूरला पाठवणार. तिथे मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजतील, आणि मग बहुधा चोवीस तास कमरेला पंप लावून औषध चालू होईल. शेत बंद, जिना बंद.

हे तीन महिने देवरामने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. चुडामणचा फोन आला की तो मोठमोठ्याने पिकाचं बोले आणि आकड्याचा विषय आला की रेंज गेल्यासारखं करी. मनातून त्याला भीती वाटत होती. भावाने बायको भरवशावर सोपवली आणि आपल्या हाती ती खेपेगणिक खालावत चालली, यापरतं वाईट त्याला काही सुचत नव्हतं. त्याची बायको सुमन एकदा म्हणालीसुद्धा, "मालू तं बरी आहे. परवा वावरातून येता येता मलेच मागं टाकलं तिनं." देवरामने ते झटकून टाकलं. बायकांच्या मोजमापावर त्याचा विश्वास नव्हता.

तर तो गुरुवार उजाडला. थंडी नुकती कुठे पडू लागली होती, कपाशी फुटलेली, शेतात वेचणी सुरू. मालूबाईंचं निम्मं मन तिकडेच होतं. नऊ वाजता जीप निघाली. देवराम पुढे स्टिअरिंगवर, मालूबाई मागच्या सीटवर, डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, जेठाशी, सुनेने बोलायचं नाही अशी त्यांच्या घरची रीत. काही सांगायचंच झालं तर मधल्या कुणाला तरी सांगायचं, "आबाले म्हनावं, चहा झाला." देवरामला घरात सगळे आबा म्हणत. जीपमध्ये मधलं कुणी नव्हतं, त्यामुळे तासाभराच्या रस्त्यात कुणी एक शब्द बोललं नाही. देवरामला त्यात काही वावगं वाटलं नाही. अठ्ठावीस वर्षं असंच चाललं होतं.

दवाखान्यात अश्विनीने मालूबाईंच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, बीपी बघितलं, दहा मिनिटं खुर्चीवर बसवून ठेवलं. "बाई, बिल्कुल घाबरायचं नाही," ती म्हणाली. तिचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी, शहरातल्या पोरांसारखं. "जेवढं फास्ट जमेल तेवढं. ओके?" मालूबाईंनी पदराआडून मान हलवली. तोवर देवराम खिडकीकडच्या शंकूजवळ जाऊन उभा राहिला होता. आज त्याला खुर्चीही नको होती. आज तो उभ्याने आणि तोंडाने मोजणार होता, म्हणजे कुणी चुकायला नको.

अश्विनीने घड्याळ दाबलं आणि मालूबाई दाराकडून निघाल्या.

"लाभ!" त्या खिडकीपाशी पोचताच देवराम गरजला. पॅसेजमधले दोन पेशंट दचकले. मालूबाईंनी पदर आणखी खाली ओढला, शंकूला वळसा घालून त्या परत फिरल्या. त्या दाराशी पोचल्या तसा तो तिथूनच म्हणाला, "दोन!" अश्विनीचा हिशेब पहिल्याच मिनिटाला चुकायला लागला, कारण कानात त्याचा आकडा आणि कागदावर तिचा. शेवटी तिने एक युक्ती केली. ती प्रत्येक खेपेला किती सेकंद लागले तेवढंच लिहीत गेली. "छान चाललंय बाई, चार मिनिटं राहिली," असं ठरलेलं वाक्य तेवढं ती मधून मधून म्हणे. देवरामचा आवाज चढत होता. आठ झाले. नऊ झाले. घड्याळ वाजलं तेव्हा मालूबाई खिडकीपासून बारा मीटरवर होत्या.

दोनशे ब्याऐंशी.

देवरामने तो आकडा दोनदा विचारला. त्याने स्वतः मोजलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मॅडमनी कागद पुढ्यात घेतले. हृदयाची सोनोग्राफी पूर्वीइतकीच, रक्ताचा रिपोर्ट उलट सुधारलेला, पायाला सूज नाही. "दम किती लागला, शून्य ते दहात?" त्यांनी विचारलं. "दोन," मालूबाई अश्विनीच्या कानाशी म्हणाल्या. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाकी सगळं चांगलं आणि चालणं एवढं कमी, हे मला जुळत नाही. ज्याची मोटर दमली तो एवढ्यात धापा टाकतो. पण तीनशेच्या खाली आल्यावर मी हातावर हात ठेवून बसू शकत नाही. इंदूरची चिठ्ठी देते. आणि तोवर शेतात जायचं नाही."

मालूबाईंनी मान खाली घातली. मग हलकेच अश्विनीला म्हणाल्या, "मॅडमले सांगा, कापूस अर्धा राह्यला वेचायचा." देवरामने ते ऐकलं आणि त्याला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की देवरामला राग येतो, हा त्याचा स्वभाव.

"मॅडम, तुमची फरशी बरोबर नही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चढ हाये तिच्यात. मले बघूनच कळते. चाळीस वर्षं पाटाचं पानी फिरवलं मी."

मॅडम काही बोलणार एवढ्यात अश्विनीने आपला कागद पुढे केला. "मॅम, एक चीज देखो ना. यांच्या खेपा एकसारख्या नाहीत. दाराकडे जाताना पंचवीस सेकंद, पंचवीस, चोवीस, सव्वीस. खिडकीकडे येताना अठ्ठेचाळीस, पन्नास, एक्कावन्न. दर वेळी. येताना दुप्पट."

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ नेला. देवरामच्या अंगात मात्र वारं शिरलं. "घ्या!" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "मी काय म्हनलो? खिडकीकडं चढ, दाराकडं उतार! चढावर कोन पळंल? बिचारीले डोंगर चढायले लावून राह्यले तुम्ही आनं इंदूरले पाठवू राह्यले!" आणि कुणी अडवायच्या आत त्याने कूलरवरून पाण्याचा ग्लास भरला आणि पॅसेजमध्ये बरोबर मधोमध जाऊन उकिडवा बसला.

हे त्याचं शास्त्र होतं आणि ते चुकत नसे. नव्या वावरात ठिबकच्या नळ्या टाकायच्या आधी तो असाच पाणी ओतून बघायचा. गावातले लोक त्याला त्यासाठी बोलावून नेत. त्याने ग्लास हळूच तिरका केला. मॅडम दारात उभ्या, अश्विनी भिंतीशी, झाडणारी बाई हातात फडका घेऊन "पुसायचं कोणी?" असं पुटपुटत. दोन पेशंटही बघायला आले. सगळे त्या पाण्याकडे बघत होते.

पाणी फरशीवर पसरलं आणि थांबलं. खिडकीकडे गेलं नाही, दाराकडे गेलं नाही. चांगलं भाकरीएवढं गोल होऊन जागच्या जागी बसलं. देवराम वाट बघत राहिला. त्याने गाल फरशीजवळ नेऊन एका डोळ्याने पाहिलं. मग थोडं सरकून आणखी एकदा ओतलं. तेही तिथेच बसलं.

"काका, फरशी लेव्हल आहे," अश्विनी म्हणाली.

"लेव्हल हाये," देवरामने कबूल केलं. पाण्याशी तो वाद घालत नसे. "पन मंग तिकडं जातानाच पाय जड का व्हते? तिकडं असं हाये तरी काय?"

आणि त्याने मान वर करून खिडकीकडे बघितलं. खिडकी होती. नारंगी शंकू होता. एक रिकामी खुर्ची होती. बाकी काही नव्हतं.

"आत्ता काही नाही काका," अश्विनी खालच्या आवाजात म्हणाली. तिला हे बोलताना अवघड वाटत होतं, ते दिसत होतं. "पण टेस्ट चालू होती तेव्हा तिथं कोण उभं होतं?"

देवराम तसाच उकिडवा बसून राहिला. त्याने वळून मालूबाईंकडे पाहिलं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर होत्या. त्याची नजर वळली तशी त्यांनी सवयीने पदर पुढे घेतला, गुडघे बाजूला वळवले आणि अंग चोरून घेतलं. अठ्ठावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. तो ओट्यावर बसलेला असला की त्या मागच्या दाराने जायच्या. तो वाटेत भेटला की बांधाला लागून उभ्या राहायच्या. तो समोर असला की त्यांचं पाऊल लहान व्हायचं. हे त्याने रोज पाहिलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं.

"बाई, तुम्ही बोलल्या का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

मालूबाई अश्विनीला म्हणाल्या, पण एवढ्या मोठ्याने की सगळ्यांना ऐकू गेलं, "जेठाच्या अंगावर धावत जाऊ का मी? ते एवढं पेट्रोल जाळून, काम सोडून येतात. त्यायले बाहेर जा म्हनू?"

देवरामला लाज वाटली. साधी नाही, कानाच्या पाळ्या तापाव्यात तशी. त्याने काळजी वाढवत नेली होती, आणि तो दर खेपेला जितका जवळ सरकला तितकी ती बाई मागे पडत गेली होती. बाकड्यावर होता तेव्हा तीनशे बावन्न. खुर्चीवर होता तेव्हा तीनशे वीस. उभा राहून ओरडला तेव्हा दोनशे ब्याऐंशी. आकडे त्याच्यासमोरच होते. मोजण्यात त्याची चूक नव्हती, तीनही खेपांना तो आकड्यांतच उभा होता.

तो गुडघ्यावर हात देऊन उठला. झाडणाऱ्या बाईच्या हातातला फडका त्याने मागून घेतला आणि आपण सांडलेलं पाणी स्वतः पुसलं. "मॅडम," तो म्हणाला, "पुन्हा घेता येते का?"

"तासभर विश्रांती घेऊ दे. मग घेऊ."

"मी बाहेर बसतो." एवढं बोलायला त्याला फार जड गेलं. मग अश्विनीकडे बघून, "पोरी, मोजशील ना नीट? मी चुडामणले शब्द देल्ला हाये."

"मैं गिनूँगी काका. एकदम पक्का," अश्विनी म्हणाली.

तासभर देवराम दवाखान्याच्या पायरीवर बसला. समोरच्या दुकानातून त्याने मावा जिलेबी आणली, एक पुडा झाडणाऱ्या बाईबरोबर आत पाठवला आणि दुसरा हातात धरून खायचा विसरला. मग आतून दार लावल्याचा आवाज आला. चाचणी सुरू झाली असणार. पॅसेजची भिंत त्याच्या पाठीलाच होती. आतलं ऐकू येत होतं.

त्याला पावलं ऐकू आली. चपळ, एकसारखी, न अडखळणारी. पाठीमागून ती लांब गेली, वळली आणि तशीच परत आली. देवराम वैतागला. इकडे बाईची चाचणी चाललीय आणि ही पोरगी पॅसेजमध्ये धावत काय सुटलीय? धक्का लागेल एखादा. तो दार वाजवायला उठला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की अश्विनीच्या पायात बूट होते, आणि हा आवाज चपलेचा होता. आणि चपलेबरोबर बांगड्या वाजत होत्या.

देवराम पायरीवर परत बसला. त्या बांगड्या त्याच्या घरातल्याच होत्या, पण त्या अशा वाजताना त्याने कधी ऐकल्या नव्हत्या. ही मालू होती. तिची चाल अशी आहे. लग्न होऊन आली तेव्हाही अशीच असेल, गुठळ्यांआधी तर याहून जास्त असेल, आणि त्याला हे आज, भिंतीला पाठ लावून कळत होतं. तो मोजायला लागला आणि त्याचं मोजणं तिसऱ्या खेपेलाच सुटलं. त्याचे डोळे भरून आले होते. आनंद झाला होता, तेवढंच वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे त्याने हातातली जिलेबी घाईघाईने तोंडात कोंबली.

दार उघडलं तेव्हा अश्विनी हसत होती. "काका, तीनशे शहाण्णव!"

मॅडमही आत हसत होत्या. मालूबाई खुर्चीवर बसून धापा टाकत होत्या, चेहरा लाल झालेला, कपाळावर घाम, पदर खांद्यावर सरकलेला. "आता दम किती?" मॅडमनी विचारलं. "चार," त्या म्हणाल्या. "बघा," मॅडम देवरामला म्हणाल्या, "आता त्या खऱ्या चालल्या. जेवढं चालल्या तेवढाच दम. हे जुळतंय." त्यांनी इंदूरची चिठ्ठी फाडली. गोळ्या त्याच, रक्त पातळ करायचं औषध तेच, भेट तीन महिन्यांनी. कापूस सकाळच्या उन्हात थोडा थोडा वेचायचा, मधे मधे बसायचं आणि ओझं उचलायचं नाही. "आणि पुढच्या वेळी काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पायरीवरच."

"पायरीवरच," देवराम म्हणाला.

निघताना दारात दोघांचाही पाय अडला. गुरुवारची गर्दी म्हणून जीप लांब चौकापलीकडे उभी होती. मालूबाई रीतीप्रमाणे बाजूला होऊन थांबल्या, जेठ पुढे गेल्यावर मागून जायला. देवराम पुढे गेला नाही. तो भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत उभा राहिला. ते लहान मुलांच्या लसीचं होतं. वाचून संपलं तरी मालूबाई हलेनात.

"पोरी," तो शेवटी अश्विनीला म्हणाला, "तिले म्हना, जीप चौकाच्या तिकडं हाये. पुढं व्हय म्हना."

"बाई, सुना ना?" अश्विनी म्हणाली. "पुढे व्हा."

मालूबाई थबकल्या. त्यांनी एकदा अश्विनीकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग पदर नीट केला, पायरी उतरल्या आणि निघाल्या. पहिली दहा-वीस पावलं त्या जपून, लहान लहान टाकत गेल्या. मागे कुणी काही म्हणत नाही असं बघून पावलं मोकळी झाली. देवराम चार हात मागून चालू लागला. मग सहा हात झाले. मग फळांच्या गाड्यांमधून वाट काढता काढता दहा-बारा झाले, आणि त्याला लांब ढांगा टाकाव्या लागल्या.

खिशातला फोन वाजला. चुडामणला कामावर चहाची सुट्टी झाली होती.

"भाऊ, किती आला?"

"तीनशे शहाण्णव."

"काय सांगतो! मागच्या डाव तं तीनशे वीस होता, मालूनं सांगतलं होतं. औषध बदललं का?"

मॅडमनी चांगलं लक्ष घातलं, मीही जातीनं होतो, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेणं देवरामला अवघड नव्हतं. ते त्याच्या तोंडावर आलंही होतं. "औषध तेच हाये," तो म्हणाला. "मी समोर उभा राहू राह्यलो होतो म्हून ती हळू चाले. आज मी बाहेर बसलो."

चुडामणने वेगळ्याच आवाजात विचारलं, "भाऊ, तू धापू कायले राह्यला? तब्येत बरी हाये ना तुही?"

देवरामने पुढे पाहिलं. मालूबाई चौक ओलांडून पलीकडे पोचल्याही होत्या.

"मले काही नही झालं," तो म्हणाला. "तुही बायको पुढं चालू राह्यली."